जुलैनंतरची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

मनाच्या आजारांवरचं संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरे कोट येतात, चकचकीत यंत्रं येतात, मेंदूची रंगीत चित्रं येतात. मी आज एका फ्रिजबद्दल बोलणार आहे, आणि त्यातून पुढे हाती लागलेल्या लिथियम नावाच्या औषधाबद्दल. घरातला साधा फ्रिज. ज्यात दूध, लोणी, उरलंसुरलं ठेवायचं, त्याच फ्रिजमध्ये या घरी लघवीच्या बरण्याही असत. रुग्णालयातल्या रुग्णांची लघवी, नीट झाकण लावून, ओळीने. त्या घरच्या बाईंना काय वाटत असेल याची नोंद कुठल्या वैद्यकीय नियतकालिकात नाही. असायला हवी होती.

घर होतं जॉन केड यांचं. ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर होते. १९४२ साली सिंगापूर पडलं आणि ते जपान्यांच्या हाती सापडले. पुढची साडेतीन वर्षं चांगीच्या छावणीत युद्धकैदी. तिथे त्यांनी कैद्यांची वागणूक चमत्कारिक होताना पाहिली, आणि शरीरात काहीतरी बिघडल्याशिवाय असं होणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. सुटून आले, मेलबर्नजवळ बंडूरा इथे मनोरुग्णालयात नोकरीला लागले, आणि तिथल्या वापरात नसलेल्या एका स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोग मांडले. ना अनुदान, ना मदतनीस. आज संशोधनाच्या अर्जालाच साठ पानं लागतात. त्यातली चाळीस पानं कुणी वाचत नाही, हे माझं खासगी मत. असो.

केड यांचा तर्क साधा होता. थायरॉइड वाढलं की माणूस अस्वस्थ होतो, घटलं की मंदावतो, हे आपल्याला घरोघर माहीत आहे. मग उन्मादात, म्हणजे माणूस झोपत नाही, बोलायचा थांबत नाही, अंगात जणू वारं शिरतं त्या अवस्थेत, रक्तात कुठला तरी पदार्थ जास्त होत असेल का? आणि जास्त झालेला लघवीतून बाहेर पडत असेल का? म्हणून त्या बरण्या.

ती लघवी त्यांनी गिनीपिगांना टोचली. गिनीपिग मेले. निरोगी माणसाच्या लघवीनेही मेले, पण उन्मादातल्या रुग्णाच्या लघवीने लवकर मेले. मारणारा पदार्थ युरिया, हे कळलं. पण त्याचं विष तीव्र कोण करतं? केड यांचा संशय युरिक ॲसिडवर गेला. आता युरिक ॲसिडची पंचाईत अशी की ते पाण्यात नीट विरघळत नाही, आणि न विरघळणारी गोष्ट टोचायची कशी? त्याचं सगळ्यात चांगलं विरघळणारं रूप म्हणजे लिथियम या धातूबरोबरचं मीठ. म्हणून लिथियम आलं. नीट ऐका हं, लिथियम औषध म्हणून आलं नव्हतं. ते फक्त विरघळवायला आलं होतं.

आणि उलटंच झालं. विष वाढण्याऐवजी कमी झालं. मग केड यांनी युरिक ॲसिड वगळून लिथियमचं दुसरं मीठ, लिथियम कार्बोनेट, टोचून पाहिलं. दोनेक तासांत गिनीपिग सुस्तावले. एरवी गिनीपिगाला पाठीवर उताणं केलं तर तो पाय झाडतो, क्षणात पालथा होऊन पळतो. हे उताणे पडून राहिले. शांतपणे केड यांच्याकडे बघत राहिले. कल्पना करा, वापरात नसलेलं स्वयंपाकघर, टेबलावर उताणा गिनीपिग, वरून वाकून पाहणारा डॉक्टर, आणि दोघंही एकमेकांकडे टक लावून बघताहेत.

आज जाणकार म्हणतात की ते गिनीपिग शांत झाले नव्हते, बहुधा त्यांना लिथियम बाधलं होतं. म्हणजे तर्क चुकीचा, निरीक्षणाचा अर्थही बहुधा चुकीचा, आणि हाती लागलेलं औषध मात्र अस्सल. केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं. काही झालं नाही, मग रुग्णाला दिलं.

तो दिवस २९ मार्च १९४८. रुग्णाची शोधनिबंधात फक्त आद्याक्षरं आहेत, डब्ल्यू. बी. वय ५१. लहानखुरे, सुरकुतलेले गृहस्थ. मी मुद्दाम 'गृहस्थ' म्हणतेय आणि पुढेही 'ते'च म्हणणार आहे. मनाचा आजार म्हटला की आपली जीभ लगेच एकेरीवर येते, बघा. हृदयविकाराचे रुग्ण 'ते' असतात, आणि उन्मादाचा रुग्ण 'तो' होतो. कोणी ठरवलं हे?

तर डब्ल्यू. बी. पाच वर्षं सलग उन्मादात होते. घाणीत लोळायचे, वस्तू मोडायचे, दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसायचे, तेही हसतमुखाने. मागच्या वॉर्डात त्यांचं उपद्रवमूल्य पहिल्या क्रमांकाचं होतं, अशा अर्थाचं केड यांनीच लिहून ठेवलंय. उरलेलं आयुष्य ते तिथेच काढणार, असं सगळे धरून चालले होते.

लिथियम सुरू झालं. चार-पाच दिवसांत फरक वाटू लागला. केड स्वतःच स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. आपल्याला हवंय म्हणून आपल्याला दिसतंय, असं त्यांना वाटत होतं. पण तीन आठवड्यांत डब्ल्यू. बी. बरे होत आलेल्यांच्या वॉर्डात गेले. पाच वर्षं ज्यांना चार माणसांत बसवता येत नव्हतं, ते माणसांत बसू लागले. आणि ९ जुलै १९४८ या दिवशी ते घरी गेले. सोबत गोळ्या, दिवसातून दोनदा घ्यायच्या. लवकरच जुन्या नोकरीवर रुजूही झाले.

बहुतेक जण ही गोष्ट इथेच थांबवतात. जुलैमध्ये. संगीत वर, पडदा खाली. मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो, आणि तोच आज सांगायचाय.

डब्ल्यू. बी. बरे होते. अगदी बरे होते. आणि बरे होते म्हणूनच गोळ्यांत कुचराई सुरू झाली. एखादी चुकली, मग दोन चुकल्या, मग बंदच. ३० जानेवारी १९४९ ला ते पुन्हा रुग्णालयात आले. नातेवाइकांनी सांगितलं की गेले निदान सहा आठवडे एकही गोळी घेतलेली नाही, आणि चिडचिड, विचित्रपणा वाढत चाललाय. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, दोनेक आठवड्यांत गाडी रुळावर आली, ते पुन्हा घरी गेले.

म्हणजे केड यांच्या लिथियमने बरे झालेले पहिले उन्मादाचे रुग्ण, आणि त्यांच्याच कागदांत 'बरं वाटलं म्हणून गोळी सोडली आणि आजार उलटला' ही नोंदही. आजही मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या माणसांना विचारा, हेच वाक्य ऐकायला मिळेल. बरं वाटलं म्हणून सोडली. पुन्हा सांगते, बरं वाटलं म्हणून सोडली. गोळीमुळे बरं वाटत होतं, हे मधल्यामध्ये गळून जातं.

आणि आता उरलेलंही सांगते, नाहीतर मीच जुलैमध्ये थांबल्यासारखं होईल. मे १९५० मध्ये डब्ल्यू. बी. वारले. लिथियमचीच विषबाधा होऊन. लिथियम किती द्यायचं आणि कुठे थांबायचं, हे तेव्हा रक्त तपासून ठरवता येत नव्हतं. केड यांचा निबंध ३ सप्टेंबर १९४९ ला छापून आला होता. उन्मादाच्या दहाही रुग्णांना गुण, नैराश्याच्या तिघांना काहीच फरक नाही, असं त्यात प्रामाणिकपणे लिहिलंय. नेमकं त्याच वर्षी अमेरिकेत हृदयाच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियमचं मीठ वापरायला दिलं गेलं होतं, आणि त्यातले काही दगावले. औषधाचं नाव जन्मतःच बदनाम झालं. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९७० साली. मजा म्हणजे १९२९ मध्ये सेव्हन-अप बाजारात आलं तेव्हा त्यातही लिथियम होतं, आणि ते नावात मिरवलंही जात होतं. जाहिरातीत चाललं, दवाखान्यात खपेना.

आता थोडं कामाचं, भरभर सांगते. लिथियम नक्की कसं काम करतं हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण रक्तात किती असावं हे माहीत आहे. साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १ मिलिमोल. दीडच्या वर गेलं की धोका. उपयोगाची मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर थोडं, म्हणून वेळोवेळी रक्ततपासणी, आणि ती शेवटची गोळी घेतल्यावर १२ तासांनी. दुसरं मिठाचं. मूत्रपिंडाला लिथियम आणि मीठ भावंडांसारखे वाटतात. जेवणातलं मीठ एकदम तोडलंत, किंवा उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांनीही चढते, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही. हात जास्त थरथरायला लागले, चाल अडखळली, जीभ जड झाली, तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. हे सगळं गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदावर असतं. तो कागद मुंगीने मुंगीसाठी छापलेला असतो, त्याबद्दल मी कधीतरी वेगळं भाषण देणार आहे.

आणि गोळी नको असेल तर? तर तेही डॉक्टरांशीच बोलायचं. एकदम तोडली तर आजार उलटण्याची भीती जास्त, हळूहळू उतरवली तर कमी.

'उलटतो' हे कशावरून, असं कुणी विचारेल. विचारलंही होतं. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शू नावाचे डॉक्टर १९५० च्या दशकापासून लिथियमच्या मागे लागले होते. त्यांच्या सख्ख्या भावाला विशीपासून नैराश्याचे झटके यायचे, जवळजवळ दरवर्षी. लिथियम सुरू झाल्यावर ते झटके पुन्हा यायचे थांबले. टीकाकार म्हणाले, हे औषध म्हणजे मिथक आहे आणि शू त्याचे भक्त झालेत. भाऊ बरा झाला हा पुरावा नव्हे, हे टीकाकारांचं म्हणणं खरंच होतं. मग शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ स्त्रिया घेतल्या. ४५ जणींची गोळी तीच ठेवली. ३९ जणींना हुबेहूब दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. पाच महिन्यांत ३९ पैकी २१ जणींचा आजार उलटला. ४५ पैकी किती जणींचा? एकीचाही नाही. १९७० साली हे छापून आलं. पुन्हा सांगते, आकडे कानात राहू देत: ३९ मध्ये २१, आणि ४५ मध्ये शून्य. सगळ्यांनाच लिथियम असं लागू पडतं असं नाही, आणि या स्त्रिया आधीच त्यावर स्थिरावलेल्या होत्या, हे लक्षात ठेवून सांगतेय.

पण माणसं गोळी सोडतात ती आकडे ठाऊक नसतात म्हणून नव्हे. हात थरथरतो, तहान लागते, वजन वाढतं, ही कारणं आहेतच. काहींना उन्मादातली ती भरारी आठवत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सांगितलं की विकसित देशांतसुद्धा दीर्घकाळच्या आजारांत जेमतेम निम्मेच लोक औषध नीट घेतात. म्हणजे रक्तदाबाचे, मधुमेहाचे सगळे धरून. तेव्हा गोळी चुकवणं हा काही मनाच्या रुग्णांचा खास दुर्गुण नाही. फरक आहे तो भोवतालच्या माणसांत. जपानमध्ये स्किझोफ्रेनियाला 'मन दुभंगण्याचा आजार' अशा अर्थाचं नाव होतं. २००२ साली ते बदललं, आणि त्यानंतर डॉक्टर रुग्णांना त्यांचं निदान अधिक मोकळेपणाने सांगू लागले. आधी डॉक्टरांच्याच तोंडून ते नाव निघत नव्हतं, बोला.

माझे मामा वीस वर्षं रक्तदाबाची गोळी घेतात. गोळ्यांची पट्टी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. 'अजून चालूच का गोळ्या?' असं त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. त्याच घरात माझी मामेबहीण लिथियम घेते. तिची पट्टी चष्म्याच्या डबीत असते, कापडाखाली. तिला हा प्रश्न वर्षातून दहादा येतो, आणि विचारणारे सगळे तिचं भलं चिंतणारे. पुढे 'तू तर आता अगदी छान आहेस' हेही असतं. डब्ल्यू. बीं.नाही त्या जुलैनंतर कुणीतरी हेच म्हटलं असणार, असं मला उगीचच वाटतं.

मध्यंतरी मामांनी काही न बोलता एक गोष्ट केली. सकाळची आपली गोळी डॉक्टरांना विचारून रात्रीवर घेतली. आता दोघं जेवणं झाल्यावर टेबलाशी बसतात, एकच तांब्या, दोन भांडी. मामा म्हणतात, 'घे गं.' ती म्हणते, 'तुम्ही आधी.' चष्म्याची डबी हल्ली बहुतेक वेळा नुसत्या चष्म्याचीच असते. त्यांची वेळ नऊची. माझ्यासमोरच्या घड्याळात नऊला दोन मिनिटं कमी आहेत, आणि मामा रेडिओ लावून बसलेले असणार.

मामा, पाणी घ्या. नमस्कार.