झामोश्चची तीन बाजूंची तुतारी

नमस्कार श्रोतेहो.

पोलंडला जाऊन आलेली माणसं आता आपल्या ओळखीपाळखीत सहज भेटतात. वॉर्सा झालं, क्राकोव झालं, मिठाची खाण झाली, फोन फोटोंनी भरला. झामोश्चला गेलेलं मात्र कुणी भेटत नाही. नाव पुन्हा सांगते, झामोश्च. पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, युक्रेनच्या सरहद्दीजवळ, साठ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. टूरवाल्यांच्या यादीत ते सहसा नसतं, कारण तिकडं जायचं तर एक अख्खा दिवस द्यावा लागतो. आणि आपल्याला तर आठ दिवसांत पाच देश हवे असतात! बसमधून उतरा, फोटो काढा, पुन्हा चढा. असो, तो विषय काढला की माझी पंधरा मिनिटं त्यातच जातील.

तर झामोश्च. हे गाव वसलं नाही, वसवलं गेलं. 1580 साली, मोकळ्या माळावर, एका माणसानं. त्याचं नाव यान झामोयस्की. पोलंडच्या राज्याचा हा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी, आणि पुढच्याच वर्षी सेनापतीही झाला. तरुणपणी इटलीत पाडुआला शिकलेला. तिथल्या कमानी, चौक, सरळ रस्ते डोक्यात घेऊन परत आला आणि इटलीतूनच आलेला एक वास्तुविशारद हाताशी धरला, बर्नार्दो मोरांदो. पैसा झामोयस्कीचा, नकाशा मोरांदोचा. तो नकाशा असा की शहर म्हणजे आडवा पडलेला माणूस. वाडा हे डोकं. वाड्यापासून निघणारा मुख्य रस्ता हा कणा. त्याला छेदणारा रस्ता म्हणजे दोन हात. मधले बाजारचौक म्हणजे पोट, आणि तटाचे बुरूज म्हणजे संरक्षणाला उगारलेले हातपाय. त्या काळच्या इटलीत आदर्श शहराचे असे आराखडे कागदावर पुष्कळ निघाले. इथं ते बांधून झालं, आणि बरंचसं अजून जागेवर आहे. म्हणून 1992 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मोठा चौक शंभर मीटर बाय शंभर मीटर, चौरस. चारी बाजूंनी घरं, आणि प्रत्येक घराच्या तळमजल्याला पुढे कमानींची पडवी. सलग. एका घराची पडवी संपते तिथं शेजारच्याची सुरू. पाऊस आला तरी चौकाच्या कडेकडेनं छत्रीशिवाय फिरता येतं. मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर कमानींखालून चाललेल्यांना यातलं सुख सांगायला नको. आता आपल्याकडं नवी इमारत उठते तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्याला वीतभर सावली द्यायचं कुणाच्या मनात येत नाही. खाली पार्किंग, पुढे लोखंडी गेट, आणि गेटवर पाटी, ‘येथे उभे राहू नये’. कुठं उभं राहावं मग माणसानं?

चौकाच्या उत्तर बाजूला पाच रंगीत घरं आहेत. हिरवं, पिवळं, लाल, निळं, अशी. ही अर्मेनियन व्यापाऱ्यांची. झामोयस्कीनं गाव बांधलं, आता त्यात माणसं हवीत, व्यापार हवा. म्हणून 1585 मध्ये त्यानं अर्मेनियन लोकांना वस्तीची सनद दिली, 1588 मध्ये स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंना, मग ग्रीकांना. एका लाल घरावर देवदूत आहे आणि वर सिंह. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. त्याच ओळीत कोपऱ्याशी टाउन हॉल. त्याला पंख्यासारखा पसरलेला दुहेरी जिना आहे, तो पुढं अठराव्या शतकात जोडलेला. मधोमध मनोरा, बावन्न मीटर उंच.

आता या मनोऱ्याची गोष्ट. खरं सांगायचं तर आजचं भाषण मी या गोष्टीसाठीच घेतलं.

उन्हाळी मोसमात दुपारी बाराला या मनोऱ्यावरून तुतारी वाजते. आपली वाकडी तुतारी नव्हे, पितळी ट्रम्पेट, पण मी तुतारीच म्हणते. आम्ही पावणेबाराच्या सुमारास चौकात पोचलो. पडवीत एका बेकरीच्या खिडकीपाशी त्सेबुलाश घेतला. हा त्या भागातला खास पाव. जाड भाकरीएवढा, यीस्टच्या पिठाचा, वर बारीक चिरलेला कांदा आणि खसखस पसरून भाजलेला. कडेचा कांदा करपून काळा होतो, मधला मऊ राहतो, आणि खसखस दाढेत अडकते ती संध्याकाळपर्यंत.

शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपं होतं, क्राकोवचं. गृहस्थांना इंग्रजी येत होतं आणि बोलायची हौस त्याहून जास्त. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, आमच्या क्राकोवची तुतारी ऐकली का? ऐकली होती. क्राकोवला सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते, दिवसरात्र, आणि वाजवतात अग्निशमन दलाचे जवान. चार दिशांना चार वेळा. सूर मध्येच तुटतो, कारण म्हणे पूर्वी पहारेकऱ्याच्या गळ्यात तातारांचा बाण लागला होता. दुपारी बाराची तुतारी पोलिश रेडिओ 1927 पासून देशभर ऐकवतो. रेडिओवाल्या माणसाला हे सांगताना जरा कॉलर ताठ होते, तेवढं चालवून घ्या.

तर हे गृहस्थ म्हणाले, बघा, इथंही तसंच, चारदा. आणि बोटं मोजायला हात वर धरून बसले.

बारा वाजले. वर माणूस दिसला. पहिला सूर. गृहस्थांचं एक बोट. तो आत गेला, दुसऱ्या बाजूला आला. दुसरा सूर. दोन बोटं. मग तिसरा. तीन बोटं. आता चौथा. चौकात सगळे वर बघतायत. गृहस्थांचं चौथं बोट अर्धवट उघडलेलं. आणि वर कुणीच नाही. संपलं. लोक पांगायला लागले.

गृहस्थ म्हणाले, विसरला वाटतं.

बेकरीच्या खिडकीतल्या बाईंना हे ऐकू गेलं. त्यांनी पोलिशमध्ये काहीतरी विचारलं. आमचे गृहस्थ गप्प, त्यांच्या बायको मात्र तोंडावर रुमाल धरून हसायला लागल्या. मग बाईंनी पीठ लागलेला हात पश्चिमेकडं करून जे सांगायला सुरुवात केली ते थांबेचनात. बोट एकदा मनोऱ्याकडं, एकदा पश्चिमेकडं, एकदा थेट या गृहस्थांकडं. मी विचारलं, काय म्हणतायत? गृहस्थ म्हणाले, “काही नाही. म्हणतात, आमचं आणि त्यांचं पटत नाही.”

बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं आणि त्यांच्याकडूनच पुढचं सगळं वदवून घेतलं. ते असं. झामोश्चची तुतारी तीनच बाजूंना वाजते. तीन बाजूंना. चौथ्या बाजूला, पश्चिमेला, वाजत नाही, कारण पश्चिमेला क्राकोव आहे. झामोयस्कीचा क्राकोववर राग होता, म्हणून.

ही गावातली गोष्ट म्हणून ऐका. पण राग यावा असं घडलं होतं खरं. 1586 च्या डिसेंबरात राजा स्तेफान बातोरी वारला. हा झामोयस्कीचा राजा. झामोयस्कीची बायको त्याची पुतणी. पोलंडमध्ये राजा निवडला जायचा, आणि या वेळी दोघं निवडले गेले. एक स्वीडनचा सिगिस्मुंड, दुसरा हाब्सबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला मॅक्सिमिलियन. मॅक्सिमिलियन फौज घेऊन क्राकोवच्या वेशीवर आला. क्राकोव कुणी वाचवलं? झामोयस्कीनं. सिगिस्मुंडचा राज्याभिषेक क्राकोवला निर्विघ्न झाला, तो कुणामुळं? झामोयस्कीमुळं. एवढ्यावर तो थांबला नाही. 1588 च्या जानेवारीत बिचिनाच्या लढाईत त्यानं मॅक्सिमिलियनला जिवंत पकडलं आणि स्वतःच्या या नव्या गावात आणलं. ज्या लुब्लिन दरवाज्यातून त्याला आत घेतलं तो दरवाजा मग विटांनी बुजवून टाकला. या दारातून हाब्सबुर्गांचा राजपुत्र कैदी होऊन आला, आता दुसऱ्या कुणी यायचं नाही, असा थाट. तो जुना दरवाजा आजही दाखवतात.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्या सिगिस्मुंडानं काय करावं? त्याच हाब्सबुर्गांशी आतून बोलणी. 1592 मध्ये लग्न केलं ते त्याच घराण्यात, मॅक्सिमिलियनच्या सख्ख्या चुलत बहिणीशी! ज्याला आपल्या कारभाऱ्यानं धरून आणलं त्याच्याच घरी सोयरीक. झामोयस्की भर संसदेत राजावर तुटून पडला. तिथून दोघांचं फाटलं ते फाटलंच.

आता गंमत बघा. पुढे राजा आपला दरबार घेऊन वॉर्साला गेला. वॉर्सा कुठं, तर वायव्येला. उत्तरेला तुतारी वाजते, म्हणजे राजाच्या अंगाला थोडी तरी लागत असणार. अबोला मात्र क्राकोवच्या वाट्याला. भांडण राजाशी, रुसवा गावावर. आपल्याकडं दोन भावांचं बिनसतं आणि बोलणं बंद होतं ते बिचाऱ्या जावांचं, तसंच.

सगळं सांगून झाल्यावर आमचे गृहस्थ उठले, खिडकीपाशी गेले आणि आणखी दोन त्सेबुलाश मागितले. बाईंनी दिले. पैसे घेताना काहीतरी म्हणाल्या, त्यावर त्यांची बायको पुन्हा हसली. याचं भाषांतर मात्र आम्हाला शेवटपर्यंत मिळालं नाही.

घड्याळाकडं बघून आता बाकीचं भराभर सांगते. चौकापासून दोन मिनिटांवर जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, 1610 नंतर बांधलेलं. आत छताच्या चुन्यातलं नक्षीकाम बघा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिथं सुतारखाना केला होता, युद्धानंतर वाचनालय होतं, 2011 पासून ते दुरुस्त होऊन लोकांसाठी खुलं आहे. प्रार्थनेला यायला मात्र गावात ज्यू उरले नाहीत. 1942 मध्ये त्यांना जवळच्याच बेल्झेत्सच्या छावणीत नेऊन मारलं. जुन्या तटाबाहेर रोटुंडा आहे, किल्ल्याचाच गोल भाग. जर्मनांनी त्याचा तुरुंग केला आणि तिथं सुमारे 8,000 माणसं मारली. आजूबाजूच्या तीनशेच्या आसपास खेड्यांतून 1942-43 मध्ये 1,10,000 लोकांना घराबाहेर काढलं, त्यांत 30,000 मुलं होती. चौकातली रंगीत घरं बघून परत फिरू नका, रोटुंडाला जा. पुन्हा सांगते, रोटुंडाला जा.

कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना पोलंड म्हटलं की वळिवडे आठवत असेल. 1943 ते 1948 तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ती माणसं बहुतेक देशाच्या पूर्व भागातून सोव्हिएत सैन्यानं सैबेरियाला हाकललेली. झामोश्चवर घाला आला तो दुसऱ्या बाजूनं, जर्मनांकडून. एकाच देशाला दोन्हीकडून कात्री होती, हे नकाशा समोर धरला की चटकन कळतं.

जाण्याचं सांगते. आधी लुब्लिन गाठा, तिथून बस मिळते, दोनेक तास धरून चला. मुक्काम करा, कारण दिवसाची गर्दी संध्याकाळी ओसरते आणि मग चौकात खुर्ची टाकून निवांत बसता येतं. चहा कोरा येतो, लिंबाची चकती घालून. दूध वेगळं मागावं लागतं आणि मागितल्यावर वेटर आपल्याकडं दयेनं बघतो, त्याची तयारी ठेवा. फरसबंदी दगडी आहे, टाचेची चप्पल नको, गुडघे दुखत असतील तर काठी हवीच. सातव्या बुरुजाच्या पोटातून भुयारी वाट आहे, तिथं उन्हाळ्यातही गारवा असतो, स्वेटर न्या. आणि त्सेबुलाश सकाळीच घ्या, गरम असतो तेव्हा. नमस्कार.