मे महिन्यात समुद्र कुठं शांत असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

मी एकतीस वर्षं सोलापुरातल्या शाळेत भूगोल शिकवला. मोसमी वारे, पर्जन्यछायेचा प्रदेश, सागरी प्रवाह, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पण परदेशातल्या समुद्रकिनाऱ्यावर पहिल्यांदा पाय ठेवला तो निवृत्त झाल्यावर. त्याआधी दोन महिने आमच्या घरात एकच वाद चालू होता: श्रीलंका की थायलंड? आज मी त्याच वादाबद्दल बोलणार आहे. कारण आम्ही जाऊन आलो हे कळल्यापासून ओळखीतल्या दहा-बारा घरांनी मला हाच प्रश्न विचारलाय.

मुलीला थायलंड हवं होतं. क्राबीच्या समुद्रातून सरळ वर उठलेले चुनखडीचे डोंगर तिनं फोटोत पाहिले होते. यजमानांचा कल श्रीलंकेकडं, जवळ आहे म्हणून. सासूबाईंचं वय शहात्तर. त्यांना दोन्ही सारखंच. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, मुंबईत गेटवेच्या कठड्यावरून. त्यांची अट एवढीच, की लांबून बघायला नेऊ नका, पाण्यात उतरायला मिळालं पाहिजे.

मी म्हटलं, देशाचं नाव जरा बाजूला ठेवा. आपल्याला सुट्टी कधी आहे? मे महिन्यात. मग मेमध्ये समुद्र कुठं शांत असतो, ते आधी बघू.

हे सोलापूरकराला समजायला अजिबात अवघड नाही. जून लागला की महाबळेश्वर धो धो भिजतं आणि आपण इथं आभाळाकडं बघत बसतो. ढग येतात, पण सह्याद्रीनं त्यांचं पाणी आधीच काढून घेतलेलं असतं. आपण पर्जन्यछायेत आहोत, आणि त्याचा त्रास आपण पिढ्यान् पिढ्या सोसतोय. पण सुट्टीवर जाताना नेमकी हीच छाया शोधायची असते. नैर्ऋत्येकडून येणारे वारे मेच्या सुमारास श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर येऊन आदळतात. बेंटोटा, हिक्कडुवा, गाल, मिरिस्सा ही सगळी नावाजलेली ठिकाणं त्या बाजूला. मे ते सप्टेंबर तिथं पाऊस आणि खवळलेला समुद्र. मधे नुवारा एलियाचा डोंगराळ भाग आडवा उभा आहे. पिदुरुतलागला हे तिथलं सर्वांत उंच शिखर, २५२४ मीटर. वारा हे डोंगर ओलांडून पूर्वेला उतरतो तोवर कोरडा आणि गरम झालेला असतो. तिकडची माणसं त्याला कच्चान म्हणतात. त्यामुळं त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा या पूर्वेच्या किनाऱ्यावर त्याच महिन्यांत ऊन असतं आणि समुद्र निवांत असतो. डिसेंबर उजाडला की सगळं उलटं. ईशान्येचे वारे पूर्व किनारा भिजवतात आणि मार्चपर्यंत गाल-मिरिस्साचे दिवस असतात. मिरिस्साहून नोव्हेंबर ते एप्रिल निळे देवमासे बघायला बोटी निघतात त्या यामुळंच.

थायलंडचंही गणित असंच आहे. दक्षिणेकडं निमुळत्या होत गेलेल्या त्या चिंचोळ्या पट्टीला दोन किनारे. पश्चिमेला अंदमान समुद्र, तिथं फुकेत, क्राबी, फी फी बेटं. पूर्वेला थायलंडचं आखात, तिथं को समुई, को फांगान, को ताओ. अंदमानची बाजू नोव्हेंबर ते एप्रिल चांगली, मे ते ऑक्टोबर पावसाची. आखाताच्या बाजूला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर.

माझ्या भाचीला हे कुणी सांगितलं नाही. तिला एका एजंटानं जूनमध्ये फुकेतचं स्वस्त पॅकेज दिलं. सहा दिवसांतले चार दिवस किनाऱ्यावर लाल बावटा होता. बेटांवर जाणारी बोट दोनदा रद्द झाली. बिचारी दोघं हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात डुंबून परत आली. पहिलीच परदेशवारी, लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून साठवलेले पैसे. मला फार वाईट वाटलं. एजंटाला महिना माहीत नव्हता असं मी मानत नाही.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल तर स्पष्टच सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदाच समुद्रावर जाणाऱ्यांनी श्रीलंका टाळावी. ते दोन मोसमांमधले दिवस, पाऊस कुठल्याही बाजूला येतो. २०२५च्या नोव्हेंबरअखेरीला दितवा चक्रीवादळानं तिथं केवढे पूर आणले, किती दरडी कोसळल्या. त्याच सुमाराला दक्षिण थायलंडमध्ये हात याय शहर पाण्याखाली गेलं. दिवाळी उशिरा असेल आणि जायचंच असेल तर थायलंडच्या अंदमान बाजूला, तेही नोव्हेंबरच्या मध्यानंतर.

आमच्या मे महिन्यासाठी उरले दोन पर्याय: श्रीलंकेचा पूर्व किनारा किंवा को समुई. समुईला बँकॉकवरून पुढं आणखी एक विमान, नाहीतर गाडी आणि बोट. सासूबाईंना एवढी चढउतार झेपली नसती. आम्ही सोलापूरहून रेल्वेनं चेन्नईला गेलो. मुंबई-चेन्नई मार्गावरच आपलं स्टेशन आहे, हे आपण विसरतो आणि विमानासाठी उगाच मुंबईकडं धावतो. चेन्नईहून कोलंबो दीड तासाच्या आत. घड्याळसुद्धा बदलावं लागत नाही, वेळ आपलीच. थायलंडला आपल्यापेक्षा दीड तास पुढं. तिकडं जाणाऱ्यांनी हैदराबादचा विचार करावा, आपल्यापासून तीनशे किलोमीटर, आणि तिथून बँकॉकला थेट विमानं आहेत.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कोलंबोचा विमानतळ पश्चिमेला, त्रिंकोमाली पूर्वेला. गाडीनं सहा तास तरी धरा. आम्ही मधे दांबुल्लाला मुक्काम केला. तिथं रस्त्याकडेला फळं विकणारी बाई रामबुतान मोजून देत होती. एकाय, देकाय, तुनाय, हतराय, पहाय, हयाय, हताय, अटाय. सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, आठच म्हणाली की ती!" सिंहली ही आपल्या मराठीच्याच कुळातली भाषा हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण मला ते ऐकू आलं त्या दिवशी.

त्रिंकोमालीला खडकाच्या टोकावर कोनेश्वराचं देऊळ आहे. खाली सरळ कडा आणि समुद्र. जुनं देऊळ पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात पाडलं, आताचं नंतरचं आहे. आपण तळ्यातला सिद्धेश्वर बघत मोठे झालेलो, त्यामुळं महादेवाच्या चहूबाजूंनी पाणी असणं आपल्याला नवं नाही. पण तिथं घंटा वाजली की तिच्याखालून लाटेचा आवाज येतो. सासूबाई अर्धा तास तिथून हलल्या नाहीत.

आणि मग पासिकुडा. ज्यांना पोहता येत नाही, ज्यांच्याबरोबर लहान मुलं आणि म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी इतका सोयीचा किनारा मी तरी दुसरा पाहिला नाही. उथळ खाडी, खूप आत चालत गेलं तरी पाणी कमरेपर्यंत, आणि ते इतकं नितळ की पायाची नखं दिसतात. सासूबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट केला, चष्मा माझ्या हातात दिला आणि चालत सुटल्या. पाणी कोमट होतं, आपल्याकडं उन्हात ठेवलेल्या घंगाळातल्या पाण्यासारखं. त्यांनी ओंजळ भरली, जिभेला लावली, तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा लावली. मी काठावर चपला राखत उभी. तर लांबून हाक आली, "तिथं काय करलालीस, ये की पाण्यात!" इतकी वर्षं समुद्र शिकवणारी बाई चपला धरून काठावर, आणि सासू पाण्यात बसलेली. मी चपला तिथंच टाकल्या.

खाण्याचं बोलू. शाकाहारी माणसाची दोन्हीकडं सोय होते, पण विचारावं लागतं. श्रीलंकेत भात आणि चार-पाच प्रकारच्या भाज्या-आमट्या, सगळ्यात नारळ. आप्पे नव्हे, आप्पा मिळतो, कडा कुरकुरीत आणि मध्ये मऊ. ओल्या खोबऱ्याची लाल चटणी मिळते, पोल सांबोल, आणि आपल्या कडक भाकरीबरोबर ती इतकी छान लागते की आम्ही नेलेली शेंगाचटणी मागं पडली. पण त्या सांबोलमध्ये बऱ्याचदा वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. त्याला सिंहलीत उंबलकड आणि तमिळ भागात मासी म्हणतात. हे दोन शब्द पाठ करा आणि ऑर्डर देण्याआधी विचारा. थायलंडमध्ये माशाचा रस, म्हणजे नाम प्ला, जवळजवळ प्रत्येक भाजीत पडतो. तिथं 'जे' हा शब्द उपयोगाचा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. त्या दुकानात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नाही. आपल्या जैन मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

पैशांचं थोडक्यात. आपल्या एका रुपयाला श्रीलंकेचे तीनाहून जास्त रुपये मिळतात. थायलंडचा एक बाट आपल्याला तीन रुपयांच्या आसपास पडतो. म्हणून श्रीलंका तिप्पट स्वस्त असं मात्र समजू नका, तिथले आकडेही मोठे असतात. व्हिसाचे नियम दोन्ही देश वारंवार बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. थायलंडला जाण्याआधी तीन दिवसांत एक डिजिटल कार्ड भरावं लागतं, १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. आपण विहिरीत, कॅनॉलमध्ये पोहायला शिकलेली माणसं. विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. समुद्राचं पाणी ओढतं. लाटा किनाऱ्याला येतात, ते पाणी कुठून तरी परत जाणार, आणि ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. गंमत अशी, की तोच पट्टा काठावरून शांत दिसतो, तिथं लाटा फुटत नाहीत, म्हणून नवखा माणूस नेमका तिथं उतरतो. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडं झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडता येतं. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाण्यात जायचंच नाही, पासिकुडासारखी खाडी सोडून. लाल बावटा असेल तर पायसुद्धा घालायचा नाही, मग पॅकेजचे पैसे कितीही गेलेले असोत.

आणि दोन्ही देशांच्या किनाऱ्यांवर निळे फलक दिसतील, डोंगराकडं पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेले. २६ डिसेंबर २००४ला सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला. त्या एकाच त्सुनामीनं श्रीलंकेत तीस हजारांहून जास्त आणि थायलंडमध्ये पाच हजारांहून जास्त माणसं नेली. काही ठिकाणी लाटेआधी समुद्र मागं हटला होता, आणि लोक उघड्या पडलेल्या वाळूवर मासे, शिंपले वेचायला गेले. समुद्र असा अचानक मागं जाताना दिसला, किंवा किनाऱ्यावर असताना मोठा धक्का बसला, तर फोटो काढायला थांबू नका. पोरं उचला आणि उंचावर पळा. हॉटेलात सामान ठेवलं की पहिलं काम, त्या फलकाची वाट कुठं जाते ते एकदा चालून बघायचं. आम्ही सासूबाईंना घेऊन चाललो. अकरा मिनिटं लागली.

मुलीचा थायलंडचा हट्ट अजून आहेच. तिला जानेवारीत रजा मिळतेय, गड्ड्याची जत्रा संपल्यानंतरची. जानेवारी म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. अंदमानची बाजू, क्राबी. तिथून रायलेला फक्त बोटीनं जाता येतं, आणि बोटीतून उतरताना पाण्यातच पाय टाकावा लागतो. सासूबाईंनी हे ऐकलंय. परवा त्यांनी मला त्यांचा पासपोर्ट कुठं ठेवलाय ते विचारलं.

नमस्कार.