ट्रॅकसाठी घरी बांधलेली मस्टँग विकताना

मित्रहो, आजचा विषय अगदी नेमका आहे. १९७९ ते १९९३ या काळातली फोर्ड मस्टँग, जिला अमेरिकेत सगळे ‘फॉक्स बॉडी’ म्हणतात, ती घेऊन घरच्या गॅरेजमध्ये शर्यतीच्या ट्रॅकची गाडी बांधली, काही हंगाम चालवली आणि आता विकायची आहे. अमेरिकेतली आपली जी मंडळी सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर जातात, त्यांच्यावर ही वेळ कधी ना कधी येते. तेव्हा बहुतेक जण जाहिरातीत बसवलेल्या भागांची लांबलचक यादी देतात. घेणाऱ्याला मात्र त्या प्रत्येक भागात किती आयुष्य उरलंय हे हवं असतं. ते सांगता आलं, तर गाडी विकली जाते.

सुरुवात कागदांपासून करा. टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, तुमच्या नावावर, कर्जाचा बोजा नसलेलं हवं. ट्रॅकची गाडी नुसत्या खरेदीपावतीवरही विकली जाते, पण मग गिऱ्हाईक कमी आणि भावही कमी. व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल अशी असते. वजन उतरवण्यासाठी डॅशबोर्ड काढला असेल तर ती पट्टी जागच्या जागी आहे ना, हे आधी पाहा. ती काढणं किंवा हलवणं हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. १९८१ पासूनच्या गाड्यांत व्हीआयएनचं आठवं अक्षर मूळ इंजिन कोणतं होतं ते सांगतं. मागे डिकी असलेली नॉचबॅक कूपे वजनाने हलकी आणि सांगाड्याने जास्त घट्ट, म्हणून पुष्कळ ट्रॅक गाड्या चार सिलिंडरच्या कूपेपासून बांधलेल्या असतात. व्ही-८ नंतर बसवलं असेल तर सरळ तसं लिहा, कारण व्हीआयएन वाचणाऱ्याला ते कळणारच आहे.

आता सांगाडा. जाणकार गिऱ्हाईक सगळ्यात आधी गाडीखाली शिरतं ते टॉर्क बॉक्स बघायला. मागच्या अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे वरचे आणि खालचे आर्म जिथे बॉडीला बोल्टने जोडलेले असतात, तो पत्र्याचा पेटीसारखा भाग. चिकट टायर आणि जास्त टॉर्क यांचा मार बसला की त्याचे स्पॉट वेल्ड उकलतात आणि पत्रा फाटत जातो. तिथला अंडरकोट खरवडून, उघड्या पत्र्याचा जवळून फोटो काढा. आधी फाटून पुन्हा वेल्ड केलं असेल, वर मजबुतीच्या पट्ट्या लावल्या असतील, तर तेही दाखवा. नीट दुरुस्त केलेला टॉर्क बॉक्स मूळ टॉर्क बॉक्सपेक्षा घेणाऱ्याला जास्त भरवशाचा वाटतो, आणि ते बरोबरच आहे.

रोल केज म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा. त्याचं पॅडिंग फोटोपुरतं उतरवा. नळीचा बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी, दोन्ही लिहा. पावणेदोन इंच नळीत ०.०९५ आणि ०.१२० इंच या दोन जाड्या सर्रास दिसतात, आणि कोणती चालते ते गाडीच्या वजनावरून शर्यत भरवणाऱ्या संस्थेचं नियमपुस्तक ठरवतं. जाडी मोजण्यासाठी पाडलेलं छोटं भोक कुठे आहे तेही दाखवा. वेल्ड नळीभोवती पूर्ण फिरलेलं हवं. घरी बांधलेल्या केजमध्ये छताला टेकलेल्या बाजूचं वेल्ड अर्धवट राहतं, कारण तिथे वेल्डिंगची टॉर्च पोचत नाही, आणि तपासनीस पहिला हात तिथेच घालतो. ही गाडी रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवायचा विचार असलेल्या गिऱ्हाइकाला स्पष्ट नाही म्हणा. साध्या धडकेतसुद्धा उघडं डोकं नळीवर आपटतं. हा जीवाचा प्रश्न आहे, भावाचा नाही.

इंजिनाच्या बाबतीत मैल सांगू नका, ट्रॅकवरचे तास सांगा. लीक-डाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमधून किती हवा गळते ते मोजणं, इंजिन गरम असताना करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून त्या सिलिंडरमध्ये १०० पीएसआय (दाबाचं माप) हवा सोडा. दुसऱ्या मीटरवर ९२ दिसलं तर गळती आठ टक्के. दहाच्या आत सगळे सिलिंडर असतील तर उत्तम, विसाच्या पुढे गेला की कारण शोधावं लागतं. कान लावून ऐका: थ्रॉटलमधून फुसफुसलं तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, डिपस्टिकच्या नळीतून आलं तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. आठही आकडे तारखेसह लिहून ठेवा. मूळचं ऑइल प्रेशर मीटर आकडे दाखवत नाही, म्हणून गिऱ्हाइकासमोर मेकॅनिकल मीटर लावून गरम इंजिनाचं प्रेशर दाखवा. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय हा गॅरेजमधला जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे.

ताकदीबद्दल नेमकं बोला. १९८७ ते ९२ च्या पाच लिटर एचओ (हाय आउटपुट) इंजिनाचे २२५ हॉर्सपॉवर हे क्रँकवरचे आहेत. चाकांवर आकडा कमी येतो. ‘नासा’ म्हणजे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन, तिच्या अमेरिकन आयर्न वर्गात चाकांवरची ताकद आणि वजन यांचं गुणोत्तर बघतात, म्हणून डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद आणि चालकासकट केलेल्या वजनाची पावती सोबत ठेवा. मूळ ब्लॉकवर ५०० हॉर्सपॉवरच्या आसपास गेलात तर तो लिफ्टरच्या घळीतून (सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोलगट भागातून) उभा चिरतो. त्यामुळे इथे मोठा आकडा ऐकून जाणकार खूश होत नाही, तो ब्लॉक कोणता आहे ते विचारतो. टी-५ गिअरबॉक्सचंही तसंच: १९९० पासूनच्या मस्टँगमधला टी-५ सुमारे ३०० फूट-पाउंड टॉर्कसाठी होता. तिसरा गिअर आवाज करत असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर भाव करताना गिऱ्हाईकच सांगेल.

काही गोष्टींवर तारीख छापलेलीच असते. एसएफआय (शर्यतीच्या सुरक्षा सामानाची मानकं ठरवणारी संस्था) १६.१ चे, चालकाला सीटला बांधणारे पट्टे त्या संस्थेच्या नियमाने दोन वर्षांचे असतात, काही क्लब जास्त मुदत देतात. एफआयएच्या (मोटर शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या) पट्ट्यांवर संपण्याचं वर्ष लेबलवरच असतं. फ्युएल सेलची (शर्यतीच्या सुरक्षित इंधन टाकीची) पिशवी आणि आग विझवण्याची यंत्रणा यांच्याही तारखा बघा. मूळची टाकी असेल तर इंधन कमी झाल्यावर लांब वळणात पंप हवा ओढतो का, हे लिहा. हब बेअरिंग, ब्रेक डिस्क, क्लच यांचे तास वहीतून काढा. लॅप टाइम दिलात तर ट्रॅकचा मार्ग आणि टायर दोन्ही द्या. २०० ट्रेडवेअरचा (झिजेचा दर्जा) टायर आणि स्लिक (नक्षी नसलेला शर्यतीचा टायर) यांत इतका फरक पडतो, की नुसत्या वेळेला काही अर्थ उरत नाही. शर्यत भरवणाऱ्या संस्थेचं लॉगबुक (गाडीच्या तपासण्यांची नोंदवही) गाडीबरोबर जातं, ते जपा.

भावाबद्दल मन घट्ट करावं लागतं. ट्रॅक गाडीत घातलेल्या पैशातले निम्मेसुद्धा अनेकदा परत येत नाहीत, आणि मजुरीचा तर कोणी हिशेबच धरत नाही. जादा चाकांचे संच, ट्रेलर, सुटा गिअरबॉक्स यांची किंमत वेगळी सांगा. ट्रेलरला बहुतेक ठिकाणी स्वतंत्र कागद लागतात, आणि गाडीसोबत फुकटात देण्याइतका तो स्वस्त नसतो. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात ट्रॅक बंद असतात, म्हणून जाहिरात फेब्रुवारी-मार्चमध्ये द्या. तेव्हा लोक नव्या हंगामाची तयारी करत असतात.

अनोळखी माणसाला ट्रॅकवर चालवून बघू देऊ नका. पैशांसाठी घेणाऱ्याच्याच बँकेत जाऊन कॅशिअरचा चेक तुमच्यासमोर बनवून घ्या, कारण बनावट चेक खात्यात जमा दिसतो आणि आठवड्याने परत फिरतो. खरेदीपत्रात व्हीआयएन, ‘आहे त्या स्थितीत’ आणि ‘फक्त ट्रॅकसाठी’ हे शब्द घाला. पण माहीत असलेला दोष लपवला तर हे शब्द तुम्हाला वाचवतीलच असं नाही. म्हणून दोषांची यादी त्याच कागदावर लिहून त्याची सही घ्या. गाडी ट्रेलरवर चढवण्याआधी व्हील नट ८५ ते १०५ फूट-पाउंडला कसा. ती गेली की त्याच संध्याकाळी मालकी हस्तांतराची सूचना भरा. कॅलिफोर्नियात त्यासाठी पाच दिवसांची मुदत आहे, आणि ती भरेपर्यंत गाडीच्या नावाने येणारी प्रत्येक नोटीस तुमच्याच पत्त्यावर येते.