रविवारची सरगम

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यात दुधाचे खाडे आहेत, सिलिंडर कधी लावला ती तारीख आहे, आणि रविवारच्या लाल आकड्यांखाली एकेक अक्षर आहे. सा, ध, ध, ग, पुन्हा सा. मध्यंतरी मावसबहीण आली होती, तिनं ते वाचलं आणि विचारलं, "घरात गाणं कोण शिकतंय गं?"

गाणं कोणी शिकत नाही. सा म्हणजे सायकल. तो रविवार नवऱ्याचा. ध म्हणजे धावणं, तो माझा. ग म्हणजे गड; तो सगळ्यांचा. ही अक्षरं तिथं यायला चार वर्षं लागली आणि त्या चार वर्षांत आमची भांडणंही झाली.

आम्ही कोथरूडला राहतो. दोघांच्या नोकऱ्या, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. नवरा ब्रेव्हे करतो, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, सायकलवाले ज्याला बीआरएम म्हणतात. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं आणि वाटेत ठरावीक ठिकाणी हजेरी लावायची. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. एका हंगामात चारही पुरी केली की माणूस सुपर रँडोनिअर होतो. फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची 1200 किलोमीटरची जुनी राइड आहे, 1891 साली सुरू झालेली. हल्ली ती दर चार वर्षांनी होते, मुदत जास्तीत जास्त 90 तास. आमच्याकडे 2027 हा आकडा जेवताना अधूनमधून निघतो. मी तेव्हा भाजी वाढते.

माझं त्या मानानं साधं. मुंबईची मॅरेथॉन, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, 42 किलोमीटर 195 मीटर. तयारी मात्र सप्टेंबरअखेरीपासून. म्हणजे नवरात्र, दिवाळी, तुळशीचं लग्न आणि त्यानंतर माणसांची लग्नं, हे सगळं त्या सोळा-सतरा आठवड्यांत येतं. मॅरेथॉनची तारीख ठरवणाऱ्यांच्या घरी फराळ कोण करतं, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

पहिल्या वर्षी डिसेंबरात मी 30 किलोमीटर धावून आले आणि त्याच दुपारी चुलतनणंदेचा साखरपुडा होता. पैठणी नेसले, गजरा माळला, पहिल्या रांगेत बसले. भटजींचा मंत्रोच्चार एका लयीत सुरू झाला आणि पुढचं मला आठवत नाही. फोटोत आहे. मुलगा अंगठी घालतोय, सगळे हसताहेत आणि मागे मी तोंड उघडं टाकून झोपलेय, लेकीनं माझं डोकं हातानं धरून ठेवलंय. तो अल्बम दर लग्नाला निघतो.

त्या रात्री कागद घेतला. मी सगळ्यांना सांगायचे, "रविवारी साडेतीन तास धावते, नऊच्या आत घरात." खरं काय होत होतं? शनिवारी साडेआठला जेवून मी आडवी, म्हणजे शनिवारची संध्याकाळ गेली. पहाटे साडेतीनचा गजर, तो अख्ख्या घराला उठवणार. परत आल्यावर अंघोळ, दोन माणसांचं जेवण, आणि दुपारभर मी घरात असून नसल्यासारखी. लेक पत्ते घेऊन येणार, मी "हो, पिस" म्हणणार आणि तिसऱ्या डावाला घोरणार. साडेतीन तासांचं धावणं घराला वीस तासांना पडत होतं. धावणाऱ्यांच्या गप्पांत किलोमीटर असतात, बूट असतात, घड्याळं असतात. दुपारच्या त्या झोपेचा विषय कोणी काढत नाही. नवऱ्याचाही हिशेब मांडला. सत्तावीस तासांच्या ब्रेव्हेनंतरचा सोमवार तो ऑफिसात नुसता बसून काढतो, आणि मंगळवारी चिडचिड करतो. तेही धरलं. त्याला आवडलं नाही.

गंमत अशी, की माझ्या त्या झोपेत निम्मा माझाच मूर्खपणा होता. लांब पल्ल्याचं धावणं शेजारणीशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश करायचं असतं. जोरात धावलं की स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन भराभर संपतं. सावकाश धावताना शरीर चरबीवर जास्त भागवतं. हे मी वाचलेलं होतं. पण पुढे कोणी दिसलं की गाठायचंच, हा स्वभाव. दर रविवारी मी सराव म्हणून शर्यतच धावत होते. किलोमीटरमागे मिनिटभर हळू केलं आणि दुपार परत मिळाली. पूर्ण नाही, पण पत्त्यांचे पाच-सहा डाव होतात.

रविवारच्या आधीच्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. मंगळवार, गुरुवार तासभर. वेताळ टेकडी जवळ आहे, पहाटे मोर ओरडत असतात, सगळं छान. पण नवरा साडेचारला एकटा हेडलाइट लावून निघू शकतो, मी अंधारात टेकडीवर एकटी जात नाही. चौघीजणी जमलो की जातो, नाहीतर उजाडायची वाट बघायची. उजाडतं तेव्हा डब्याची वेळ झालेली असते. म्हणून त्या दोन दिवशी डबा नवरा करतो. त्याच्या हातची भेंडी लेकीला माझ्यापेक्षा जास्त आवडते, यावर मी काही बोलणार नाही. आणि एक राहिलं. तो 27 तास घराबाहेर असतो तेव्हा त्याला कोणी विचारत नाही, की मुलगी कोणाकडे ठेवलीस. मला तीन तासांसाठी दर वेळी विचारतात.

ब्रेव्हेचा एक नियम मला सुरुवातीला फार लागला. वाटेत बाहेरून मदत घेता येत नाही. घरच्यांनी मागोमाग गाडी घेऊन जायचं नाही, भेटायचं तर ठरलेल्या ठिकाणीच. म्हणजे खंबाटकी घाटाच्या चढावर रात्री त्याचा दिवा एकटाच हलणार आणि मी इथे छताकडे बघणार. आता आमचं ठरलंय. प्रत्येक टप्प्याला फक्त एक मेसेज, त्यात गाव आणि काय खाल्लं एवढंच. "कराड. भुर्जी-पाव." मी वाचते आणि कुशीवर वळते. दुसरं ठरलंय ते हे, की ब्रेव्हे करून आलेला माणूस त्या दिवशी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावणार नाही. रात्रभर पेडल मारून चारचाकी चालवायला बसणं म्हणजे पिऊन बसण्यासारखंच. आणायला मी जाते.

दिवाळीचं मात्र सांगायलाच हवं. सासूबाई कोकणातल्या. नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी अभ्यंगस्नान झालंच पाहिजे, आणि वर्षानुवर्षं त्या घराला हाका मारमारून दमायच्या. गेल्या वर्षी त्या पहाटे साडेचारला उठून बघतात तर मी बूट घालून दारात. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "एवढी उठलीच आहेस तर पहिली तूच बस." पाट मांडला, समई लावली, कोमट तेल पोटऱ्यांना चोळायला घेतलं आणि थांबल्या. "अगं, हे काय दगड झालेत!" मग पंधरा मिनिटं त्या दोन्ही अंगठ्यांनी ते दगड फोडत बसल्या. मालिशवाल्याला पैसे देऊन मला एवढा आराम कधी मिळाला नव्हता. तेल, उटणं झालं, अंघोळ झाली, कारीट फोडायची वेळ आली. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटतात, तसं होतं ते. तरी मी अंगठा टेकवला, कळ डोक्यात गेली, कारीट गडगडत मोरीत. लेक हसून हसून लोळली. शेवटी सासूबाईंनी माझ्या टाचेखाली ते धरलं आणि म्हणाल्या, "नरकासुराला काय, टाच चालते." कडू रस जिभेला लावून फराळाला बसलो. त्या दिवशी धावले नाही. कालनिर्णयातला तो ध खोडला, बाकी काही झालं नाही.

आता ग. ग बद्दल माझी एकच अट आहे, की त्या दिवसाला सराव समजायचं नाही. हे मी शिकले राजगडावर. सप्टेंबरचा शेवट, गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट, सोनकीच्या फुलांनी उतार पिवळा झालेला. मला मनातून वाटत होतं, की चढ आहे तर पायांना बरं, जरा दम लागेल असं चढू. लेकीनं पहिल्याच ओढ्याला बैठक मारली. खेकडा! मग दुसरा खेकडा. मग एका दगडाखाली तिसरा आहे की पहिलाच परत आला, यावर बापलेकीची चर्चा. मी पुढे जाऊन थांबले, मग पुन्हा पुढे जाऊन थांबले. चौथ्यांदा थांबले तेव्हा मागे कोणीच दिसेना. खाली उतरून गेले तर दोघं शिदोरीचं फडकं सोडून बसलेले, माझ्या वाटणीचा ठेपला खाऊन झालेला. शेवटच्या कातळात रेलिंगला धरून ती माझ्यापुढे चढली, पद्मावती माचीवर आलो तोवर साडेचार तास झाले होते. सुवेळा माचीच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसायचा बेत होता, तो गेला. तळ्याकाठी बसून तिनं मला खेकड्यांची नावं सांगितली. सात होते. एकाचं नाव तिनं माझं ठेवलं होतं, कारण तो थांबत नव्हता.

सिंहगडाला मात्र आम्ही तडजोड करतो. मी पहाटे घरून धावत निघते, खडकवासल्याच्या धरणावरून, डोणज्यावरून आतकरवाडीपर्यंत, वीस-बावीस किलोमीटर. मंडळी आठला गाडीनं येतात. वर जाऊन पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. एकाच चौकटीत ध आणि ग दोन्ही. सासूबाई गाडीनं थेट वरपर्यंत येतात आणि दह्याचं दुसरं मडकं माझ्या नावावर मागवतात.

परवा नवीन कालनिर्णय आणलं. चौघं जेवणाच्या टेबलाभोवती पेन घेऊन बसलो. नवऱ्यानं सा लिहिले, मी ध, लेकीनं ग वर दोनदा गिरवून घेतलं म्हणजे खोडता येऊ नये. सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. म्हणाल्या, "मला एक रविवार द्या." फेब्रुवारीतला दुसरा रविवार दिला. त्यांनी त्याखाली वळणदार अक्षरात लिहिलं, नि. "निवांत. त्या दिवशी या घरात कोणी गजर लावायचा नाही."

आम्ही कबूल केलं. त्या दिवशी पाचला स्वयंपाकघरात दिवा लागणार आणि चहाचं आधण चढणार, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. पण गजर नसेल.

नमस्कार.