आधी खोली, मग अभ्यास

नमस्कार मंडळी, दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, जिथे जिथे रेडिओ लागलाय तिथल्या सगळ्यांना. आज दलित मुलांच्या शिक्षणावर बोलायचंय, पण शाळेपेक्षा जास्त राहायच्या खोलीबद्दल. शाळेचं दार आपल्या बडोद्यात लवकर उघडलं, सयाजीराव महाराजांनी 1880 च्या दशकातच अंत्यजांसाठी, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी, शाळा काढल्या, 1906 ला अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 1913 ला बाबासाहेबांना महिना साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप देऊन अमेरिकेला कोलंबिया युनिव्हर्सिटीत पाठवलं. दर 14 एप्रिलला आपण हे छाती फुगवून सांगतो, सांगावंच. पुढचं मात्र जरा घाईत उरकतो.

1917 ला बाबासाहेब स्कॉलरशिपच्या कराराप्रमाणे नोकरीला बडोद्यात आले. हिंदू हॉटेलात सोय होणार नाही हे माहीत, म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले, रोजचे दीड रुपये. वरच्या मजल्यावर मोठा हॉल, सगळी अडगळ भरलेली, लाईट नाही, रखवालदार एक छोटा कंदील आणून ठेवायचा, वर वटवाघळं, आणि हे खाली एकटे वाचत बसलेले. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले, संध्याकाळपर्यंत जागा खाली कर म्हणाले. मग दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिश्चन, दोघांनी हात वर केले. शेवटी कमाटीबागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले.

परदेशातलं शिक्षण होतं, दरबारची नोकरी होती, पाठ टेकायला जागा नव्हती! त्यामुळे पुढे बहिष्कृत हितकारिणी सभा काढल्यावर 1925 ला सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं, याचं मला तरी नवल वाटत नाही.

आता काठ्या घेऊन कोणी येत नाही म्हणा. युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालेला पोरगा रूम बघायला जातो, घरमालक चहा पाजतो, गोड बोलतो आणि हळूच विचारतो, "तमे केवा?" म्हणजे तुम्ही कुठल्या जातीचे? आडनाव कळलं की रूम कालच गेलेली असते. मग लांब कुठेतरी चौघांत एक खोली, दोन बस, आणि अभ्यास रात्री अकरानंतर.

म्हणून पालकांनो, होस्टेलचा फॉर्म ॲडमिशनबरोबरच भरा, समरस छात्रालय आहे, सरकारी छात्रालयं आहेत. दहावीनंतरची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप डिजिटल गुजरात पोर्टलवर भरतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख, होस्टेलला राहणाऱ्याला भत्ता जास्त मिळतो. आणि या सगळ्याला लागतो जातीचा दाखला, तिथे आपल्या मराठी घरांची खरी अडचण होते. 10 ऑगस्ट 1950, म्हणजे अनुसूचित जातींची यादी निघाली ती तारीख, त्यानंतर महाराष्ट्रातून आलेल्यांना इथल्या राज्याच्या सवलती लागू होत नाहीत, त्याच्या आधीपासून घराणं इथलं असल्याचा पुरावा मागतात. गायकवाडी काळापासून इथे राहिलेली कितीतरी घरं आहेत, पण कागद कुठाय? तर आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले असतील तिथलं जुनं जनरल रजिस्टर शोधा, त्यात नाव, जात, जन्मगाव असतं, त्याचा उतारा घ्या. हे काम बारावीच्या रिझल्टनंतर नाही, मुलगी दहावीत असतानाच सुरू करा, कारण जुनी रजिस्टरं शोधायला शाळावाले महिना महिना लावतात.