देवळालीचा ताप

(फलाटावरची पिवळी पाटी, जवळून)

देवळाली. मुंबईहून येताना नाशिकरोडच्या आधीचं स्टेशन. पाटीवरचा 'ळ' नीट बघून घ्या. इंग्रजांच्या जिभेला तो कधी वळलाच नाही. त्यांनी देवळालीचं 'डूलॅली' केलं, आणि आजही ब्रिटनमध्ये कुणाचं डोकं फिरलं की म्हणतात, हा डूलॅली झाला.

(छावणीतला सरळ रस्ता, दुतर्फा झाडं)

इंग्रजी अमलात इथे गोऱ्या सैन्याचा तळ होता. हिंदुस्थानातली नोकरी पुरी झालेला शिपाई पलटण सोडून इथे यायचा. इथून आगगाडीने मुंबई, तिथून बोटीने घर. पण सैन्याच्या बोटी थंडीच्या मोसमातल्या. उन्हाळा लागला की पुढच्या थंडीपर्यंत बसून राहायचं.

हत्यारं जमा केलेली. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी लांबची पायपीट, की संपला दिवस. समोर नुसतं ऊन. हिंदुस्थानात नोकरी केलेला शिपाई फ्रँक रिचर्ड्स १९३६ सालच्या आपल्या आठवणींत लिहितो, की या कंटाळ्यापायीच माणसं विचित्र वागू लागत, आणि हा शब्द बहुधा त्यातूनच आला. नावाजलेले शिपाई तुरुंगात गेले, काही इस्पितळात.

(दुपारच्या उन्हात थरथरणारे रूळ)

मूळ शब्दाला शेपूट होतं: 'डूलॅली टॅप'. हा टॅप म्हणजे हिंदुस्तानीतला तप, आपला ताप. देवळालीचा ताप! फ्रेझर आणि गिबन्स यांच्या १९२५ सालच्या सैनिकी शब्दकोशात तो 'वेडा' या अर्थाने नोंदलेला आहे. पण इंग्लंडात टॅप म्हणजे नळ, नाहीतर टपली. तिकडे गेल्यावर ताप हळूहळू गळून पडला, गाव तेवढं उरलं. आता विसरभोळी आजी डूलॅली होते, बिघडलेलं मशीनसुद्धा डूलॅली होतं.

(आरोग्यभवनाचा व्हरांडा, आरामखुर्च्या)

आणि हे बघा. आजारातून उठलेली माणसं हवा पालटायला येतात ती याच देवळालीत. इथली कोरडी, मोकळी हवा माणसाला उभं करते. शिपायांना पोखरलं ते घरी जायच्या वाट पाहण्याने. नाव मात्र गावाचं लागलं.

(गाडी फलाटाला लागते)

आता स्टेशनवरची उद्घोषणा ऐका. 'ळ' कसा स्वच्छ येतो.