चाक गेलं, दार आलं

(दृश्य: पाटाच्या तोंडाशी फिरणारं लोखंडी चाक. पाण्याचा आवाज तसाच ठेवावा.)

लोखंडी पिंप, त्यावर व्ही आकाराची आठ पाती. पाणी पात्यांना रेटतं, चाक फिरतं, आणि फेऱ्यांच्या आकड्यावरून शेतकऱ्याच्या खात्यावर पाणी चढतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पाणी खात्यातले जॉन डेथ्रिज यांनी १९१० मध्ये हे चाक बनवलं. ना वीज, ना डिझेल. कडेनं थोडं पाणी न मोजताच निसटायचं; शेतकऱ्यांनी त्याची तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

(दृश्य: सौर पॅनेल, अँटेना, आपोआप उघडणारं दार)

आता हे. मागणी आली की दार उघडतं. वरची-खालची दारं एकमेकांना निरोप देत कालव्याची पातळी राखतात. व्हिक्टोरियातल्याच गोलबर्न-मरे या कालव्यांच्या भागात अशी दारं, अस्तरीकरण आणि चाऱ्यांची फेररचना यांवर सुमारे २ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर गेले.

(दृश्य: मरे नदी, वरून)

कारण ही नदी. २०१२ च्या मरे-डार्लिंग खोरे आराखड्यानं वर्षाला २,७५० अब्ज लिटर पाणी नदीला परत द्यायचं ठरवलं. वाटा दोन: कालवे सुधारून वाचवा, किंवा राजीखुशीनं विकणाऱ्या शेतकऱ्याकडून पाणीहक्क विकत घ्या.

अर्थतज्ज्ञ ग्लिन विटवर यांनी 'टर्म-एचटूओ' या आर्थिक मॉडेलमध्ये दोन्ही वाटा चालवून पाहिल्या. त्यात खोऱ्याचे तुकडे पाडलेले, प्रत्येकाची पिकं वेगळी. दुष्काळ पडला, पाणी महागलं, की भातवाला पेरणी सोडून पाणी विकतो. बागवाला झाडं जगवायला ते घेतो. हिशोब निघाला तो असा: हक्क विकत घेतले, तर तेवढंच पाणी बरंच स्वस्त पडतं. रोजगारच हवा असेल, तर बांधकामापेक्षा तोच पैसा तिथल्या दवाखान्यांत, शाळांत घातलेला बरा. शिवाय 'वाचलेल्या' गळतीतलं काही पाणी जमिनीतून पाझरून नदीकडेच जात होतं.

तरीही २०१५ मध्ये हक्कांच्या खरेदीवर १,५०० अब्ज लिटरची कायदेशीर मर्यादा आली. ती २०२३ मध्ये उठली. दाराचं उद्घाटन होतं, फीत कापता येते. हक्काची नोंद बदलते तेव्हा कॅमेऱ्यानं काय टिपायचं? आमचीही तीच अडचण झाली.

हक्क विकले गेले की मागे उरलेल्यांवर कालव्याच्या देखभालीचा बोजा वाढतो, हेही खरं.

(दृश्य: बागेत शोभेला ठेवलेलं जुनं चाक)

पाती आठच्या आठ शाबूत आहेत.